फळ्यावरचा आकडा

वॉर्ड अकराच्या दाराशी पांढरा फळा आहे.
दोन रकाने: नर्सेस किती हव्यात, किती आहेत.
पहिला आकडा छापील. सहा.
दुसरा आम्ही लिहायचा, रोज रात्री साडेसातला,
सुकत चाललेल्या हिरव्या मार्करनं.

आज मी, रोवेना,
आणि एजन्सीनं पाठवलेली एक पोर,
चादरी कुठल्या कपाटात तेही तिला ठाऊक नाही.
शिवाय कायली. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी.
"कायलीला धर," ऑफिसातून जिलियनचा फोन,
"म्हणजे चार. चार बरे दिसतात."

बरे दिसतात.
हलमध्ये नऊ वर्षं झाली मला.
आकड्यांना इथे इस्त्री करून टांगतात
हे कळायला दोनच पुरली.
मी चार लिहिला.

अठ्ठावीस खाटा.
बेल वाजते बाराव्या खाटेची, त्याआधी सातव्या,
त्याच्याही आधी कुणाची वाजली
ते आता बेललाही आठवत नसेल.
"आलेच हं"
हे मी सगळ्यात जास्त वाटलेलं औषध.
मुदत केव्हाच संपलीय त्याची.

खाट एकोणीस, मिस्टर स्टेदर्स.
आयुष्य ट्रॉलरवर गेलं, आइसलंडच्या बाजूला.
खुब्याचं हाड मोडलंय.
दर दोन तासांनी कूस बदलायची, दोघींनी मिळून.
नऊला बदलली.
अकराला नाही जमलं.
एकला नाही.
तीनला आम्ही चादर सारली, तर माकडहाडावर
रुपयाएवढा लाल डाग.
बोटानं दाबला. पांढरा पडला नाही.

वेळ मारून नेली, असं म्हणतो आपण.
वेळ मरत नाही.
ती कुणाच्या तरी पाठीवर उमटते.

"किती जणी आहात आज?"
"आहोत की. पुरेशा."
"पोरी, बोटीवर होतो मी. खाली झोपूनही
पावलांवरून कळतं, डेकवर किती माणसं ते.
कागदावर वीस असायचे. जाळं ओढायला सोळा.
उरलेल्या चौघांचं वजन
दोर कुणाकडून तरी वसूल करतोच."
डावा हात वर केला त्यांनी. दोन बोटं नाहीत.
आठवडाभर त्याच हाताची नस शोधतेय मी.
बोटं कुठे गेली,
विचारायला वेळ झाला नव्हता.

आई म्हणायची, सगळी सोंगं आणता येतात,
पैशाचं आणता येत नाही.
माणसांचंही नाही आणता येत, आई.
कायली उभ्या उभ्या टोस्ट खात होती, डोळे पुशीत.
ती शिकायला आलीय,
खड्डा बुजवायला नाही.

पावणेचारला फळ्यापाशी गेले.
तळव्यानं चार पुसला.
तीन लिहिला. मग तोही पुसला:
एजन्सीची पोर दोनलाच घरी गेली होती, अंगात ताप घेऊन.
हिरवा उमटेना, म्हणून रोवेनाच्या खिशातलं काळं पेन.
दोन.

मग फॉर्म. कूस बदलली नाही, त्याचं कारण?
इथे सगळे "कामाचा ताण" लिहितात.
मी लिहिलं: माणसं अठ्ठावीस, हात चार.
वॉर्डात मला सगळे शू म्हणतात.
सही केली शुभदा इंगवले, एकही अक्षर न गाळता.

सातला जिलियन आली.
फळ्यासमोर थांबली, बराच वेळ.
मला वाटलं, पुसणार.
तिनं कोट खुर्चीवर टाकला, बाह्या वर सारल्या,
"एकोणीसला माझ्याबरोबर कोण येतंय?"
कूस बदलायची तिला सवय राहिली नव्हती.
मिस्टर स्टेदर्सच म्हणाले, "एक, दोन, आता ओढ."

उद्याच्या रोस्टरमध्ये तीन चौकोन रिकामे आहेत.
आज प्रथमच तिनं ते
कुणाचंही नाव न कोंबता, रिकामेच वर पाठवले.
वरचे काय करतील, कुणास ठाऊक.

बसमध्ये बसल्यावर तळवा पाहिला.
दोनदा साबण लावूनही
चाराचा हिरवा डाग होताच.